नणंद, ऐंशी गाई आणि मी

अख्ख्या महाराष्ट्रात आणि अख्ख्या अमेरिकेत धुंडाळलं तरी माझ्या नणंदेसारखी नणंद दुसरी सापडायची नाही, असं मी लग्न झाल्यापासून सगळ्यांना सांगत आले आहे. ते मी कौतुकानं सांगते की तक्रारीनं, हे मात्र त्या दिवशी तिच्याकडे किती गाई व्यायच्या राहिल्या आहेत यावर ठरतं. इतरांच्या नणंदा मानपानावरून रुसतात, आहेराची साडी बोटांत धरून तिचा पोत बघतात. माझी नणंद नेब्रास्कात राहते, माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी आहे, आणि तिचा मानपान एवढाच, की कुरणातून बाहेर पडताना मागचं फाटक आठवणीनं लावावं. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा नेमकं तेच मी विसरले. अकरा गाई डांबरी रस्त्यापर्यंत फिरायला गेल्या आणि त्यांना परत आणण्यात आमची सबंध दुपार गेली. शेवटची गाय आत आल्यावर तिनं फाटकाला कडी घातली आणि शांतपणे म्हणाली, "पुण्यात दारं लावत नाही का गं?" आमच्या माहेरच्या घराण्याला एवढं लागेल असं त्याआधी कुणी बोललं नव्हतं.

ती मूळची नागपूरची. गुरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण तिथंच झालं, पुढचं शिकायला म्हणून इकडे आली, आणि कुठल्याशा अभ्यासासाठी एका रँचवर गेली असताना तिथल्या उंच, अबोल मालकाशीच तिचं लग्न ठरलं. सासूबाईंनी तेव्हा नागपुरात सगळ्यांना सांगितलं, की जावयाचा दुधाचा मोठा कारभार आहे. अजूनही त्या तेच सांगतात. खरं म्हणजे त्या गाई दुधाच्या नाहीत. त्यांची वासरं मोठी झाली की मांसासाठी जातात, आणि आमच्या घरात या विषयावर कुणी बोलत नाही. एकदा मीच धीर करून ताईंना, म्हणजे नणंदेला, विचारलं होतं, की तुम्हाला याचं काही वाटत नाही का. त्या स्वतः वरणभात खाणाऱ्या. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. "वाटते ना. काहून नाही वाटणार," त्या म्हणाल्या. "जातात ती, खोटं कशाला बोलू. पण जगात येताना तरी नीट यावीत, तेवढं माझ्या हातात आहे."

तीन वर्षांपूर्वी शरद ऋतूत ताईंचे यजमान, आमचे भावजी, अचानक गेले. आता ताई रँच विकून आमच्याकडे, शॉमबर्गच्या शहरी उपनगरात येणार, असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. माझ्या नवऱ्यानं खालची खोली रंगवून घेतली, मी पडदे शिवले. ताई आल्या, चार दिवस राहिल्या. पाचव्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन खिडकीतून समोरच्या सारख्या सारख्या दिसणाऱ्या घरांकडे बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही लोकं इथं सकाळी करता काय?" दुपारच्या विमानानं ताई परत गेल्या.

ताईंशी फोनवर बोलणं ही एक वेगळीच विद्या आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत त्यांचं कुठलंही संभाषण पाऊण मिनिटाच्या पुढे गेलेलं मला आठवत नाही. माझ्या नवऱ्याचा चाळिसावा वाढदिवस मार्चात आला. फोन त्यांनीच केला, शंभर वर्षं जग म्हणाल्या, लहानपणी तू ताप आला की कसा माझ्याच मांडीवर झोपायचास, असं काहीतरी हळवं सांगायला सुरुवात केली, आणि वाक्याच्या मध्येच "तिनं शेपटी वर केली, ठेवते" म्हणून फोन बंद केला. नवरा बराच वेळ फोन कानाला लावून उभा होता. ती आठवण पुढे काय होती हे त्याला अजून कळलेलं नाही.

गाईंशी मात्र त्या तासन्‌तास बोलतात, आणि तेही अस्सल नागपुरी मराठीत. त्या काळ्याभोर, टोलेजंग अमेरिकन गाई. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी मिसिसिपी ओलांडली नसेल. पण ताई "हो ना वं बाजूला, काय पाहून राहिली" म्हणाल्या की त्या मुकाट्यानं बाजूला होतात. सात मैलांवर राहणारा शेजारी डेल, सत्तरी ओलांडलेला आणि दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस, हंगामात ताईंच्या मदतीला येतो. तोही आता गाईंना "चाल, चाल" म्हणतो. त्याला हा शब्द इंग्रजीच वाटतो, असा मला दाट संशय आहे.

गाईंना नावं ठेवायची नाहीत असा ताईंचा दंडक आहे. प्रत्येकीच्या कानात नंबराचा पिवळा बिल्ला, तेवढंच नाव. पण जेवताना त्या या नंबरांबद्दल अशा बोलतात, की नवख्या माणसाला वाटावं, नात्यातल्या बायकांची चौकशी चालली आहे. "दोनशे बारा यंदा फार अबोल झाली. चारशे सतराचं जाऊ दे, ती पहिल्यापासून मानी. एकशे नव्वदला दुसऱ्याचं लेकरू चाटायची सवय आहे, स्वतःचं व्हायचं असलं की आणखीच." मागच्या एका भेटीतच मी एकशे नव्वदला मनातल्या मनात आमच्या एका मावशींचा चेहरा देऊन टाकला होता, आणि तो इतका चपखल बसला की आता त्या मावशी भेटल्या की मला हसू आवरत नाही.

व्यायचा हंगाम मात्र मला लांबूनच ठाऊक होता. जवळून बघायची वेळ या वर्षी आली. फेब्रुवारीच्या शेवटी ताई बर्फावरून घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. त्यांनी आम्हाला कळवलंसुद्धा नाही. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज वेगळाच होता. एक वासरू गेलं, म्हणाल्या. आडवं आलं होतं, डाव्या हातानं जमेना, डेल पोचेपर्यंत उशीर झाला. त्या दिवशी त्या पूर्ण चार मिनिटं बोलल्या. कुणीतरी जायला हवं होतं. माझ्या नवऱ्याला रक्त बघवत नाही. आमच्या मुलीचे कान टोचले तेव्हा मुलगी रडली आणि हा खाली बसला. मुलीनंच निकाल दिला, "डॅड विल फेंट, मॉम. यू गो." माझं ऑफिसचं काम कुठूनही करता येण्यासारखं होतं. तीन आठवड्यांचे कपडे आणि लॅपटॉप घेऊन मी ओमाहाला उतरले, आणि तिथून पाच तास गाडी चालवत, एकही वळण न घेता, ताईंच्या दारात पोचले.

पोचल्यावर पाहिलं तर प्लास्टरवर मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेननं काहीतरी खरडलेलं. ती त्या हंगामाची नोंदवही होती. कुठली गाय कधी व्याली, कालवड झाली की गोऱ्हा, वार पडली की नाही, सगळं त्या प्लास्टरवर. वही खिशातून काढायची तर एक हात लागतो आणि लिहायला दुसरा, प्लास्टर कसं कायम समोर असतं, असा त्यांचा हिशेब. लिहिलं होतं डाव्या हातानं, त्यामुळे ते त्यांना स्वतःलाही लागत नव्हतं. पहिल्या संध्याकाळी मी त्यांचा हात दिव्याखाली धरून सगळं एका वहीत उतरवून घेतलं. जुन्या शिलालेखाचं वाचन करावं तसं आमचं चाललं होतं. एका ओळीपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ती नको लिहू. ती गेलेल्या वासराची होती.

त्यांना खूश करावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक उद्योग केला. फ्रीजरमध्ये बर्फासारख्या गोठलेल्या चार पिशव्या दिसल्या, वर ताईंच्या अक्षरात 'चीक'. एवढ्या लांब, एवढ्या थंडीत, नणंदेच्या फ्रीजरमध्ये पहिल्या धारेचा चीक सापडल्यावर पुण्याच्या बाईनं दुसरं काय करायचं? मी दोन पिशव्या विरघळवल्या, गूळ घातला, सोबत आणलेली वेलची आणि केशर घातलं, आणि ताई बाहेरून येईपर्यंत चौकोनी वड्यांचा थरथरता खरवस ताटलीत मांडून ठेवला. ताई दारातच उभ्या राहिल्या. टोपी न काढता त्यांनी एक वडी उचलली, सावकाश खाल्ली, मग दुसरी खाल्ली. छान झालाय म्हणाल्या. मग शांतपणे समजावून सांगितलं, की तो चीक ज्या वासरांना आईचं दूध मिळत नाही त्यांच्यासाठी गेल्या वर्षीपासून साठवलेला होता, जन्मल्यावर काही तासांत तो पोटात गेला नाही तर वासरू जगत नाही, आणि दोन पिशव्या उरल्या आहेत म्हणून मी वाचले. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. उरलेल्या वड्या मात्र त्यांनी डब्यात भरून डेलसाठी ठेवल्या. डेलनं दुसऱ्या दिवशी डबा परत केला आणि त्या दिवसाचे दहाही शब्द खरवसावर खर्च केले.

त्यानंतर ताईंनी मला कामाला लावलं. गाईंना वैरण संध्याकाळी उशिरा घालायची, म्हणजे त्या बहुतेक दिवसाउजेडी वितात, हे मी शिकले. कास कशी ताठरते, गाय कळपातून बाजूला जाऊन जमीन कशी हुंगते, हेही दिसायला लागलं. एका मांडीवर लॅपटॉप आणि दुसऱ्या मांडीवर दुर्बीण घेऊन मी खिडकीत बसायचे. मीटिंगमध्ये कुणी बोलत असलं की माझा एक डोळा कुरणावर असे. सगळं सुरळीत चाललं होतं. रोज दोन-तीन वासरं येत होती, आपली आपण उभी राहत होती, आणि मी उगाचच स्वतःला जाणकार समजायला लागले होते.

मग मार्चच्या शेवटी बर्फाचं वादळ आलं. आदल्या दिवसापासून वारा सुटला होता, सकाळी उठले तर कुंपणाचे खांब निम्मे बर्फात गायब. दुपारी एकच्या सुमाराला ताईंनी गोठ्यातून हाक मारली. सहाशे आठ नंबरची गाय, पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणारी, तासभर कळा देत होती. पुढे काही सरकत नव्हतं. वासराचं नाक दिसत होतं, जीभ बाहेर आली होती, पण पुढचा पाय एकच. दुसरा आत दुमडलेला. ताईंनी डाव्या हातानं प्रयत्न केला होता, पण हात पोचत होता आणि वळत नव्हता. डेलला फोन केला. त्यानं सांगितलं, की रस्ता बंद आहे, ट्रॅक्टरनं बर्फ ढकलत यायला दोन तास लागतील. डॉक्टर साठ मैलांवर. ताईंनी फोन खिशात टाकला आणि माझ्या हातांकडे बघितलं.

"तुझे हात लहान आहेत," त्या म्हणाल्या. "बांगड्या काढ."

मी काढल्या. ऑफिसला एक ओळ पाठवली, की डिलिव्हरी अडकली आहे, नंतर बोलते. टीम लीडनं लगेच उलट विचारलं, कुठल्या क्लायंटची. त्याला उत्तर द्यायला वेळ नव्हता. ताईंनी गाईची मान लोखंडी चौकटीत अडकवली, माझ्या हातावर खांद्यापर्यंत प्लास्टिकचा लांब मोजा चढवला, वर गुळगुळीत जेल ओतलं, आणि माझ्या पाठीला आपली पाठ टेकवून उभ्या राहिल्या, म्हणजे माझे पाय घसरू नयेत. बाहेर वारा पत्रे हलवत होता. मी हात आत घातला. आत इतकं ऊबदार होतं, की त्या थंडीत मला आधी त्याचंच नवल वाटलं.

ताई बोलत होत्या, एरवी गाईंशी बोलतात त्याच आवाजात. डोकं लागलं का? त्याखाली गळा. आता खांदा शोध. खांद्यावरून खाली ये, घाई नको. मधेच गाईला कळ आली आणि माझा हात चरकात ऊस सापडावा तसा पिळून निघाला. ताई म्हणाल्या, थांब, तिला जोर करू दे, हात ढिला सोड. कळ ओसरली. मला गुडघा लागला. आता वासराला मागे ढकल, ताई म्हणाल्या, पुढे ओढायचं सोडून मागे, म्हणजे जागा होईल. मी ढकललं. ते हललं नाही. पुन्हा ढकललं. खूर बोटांना लागत होता आणि निसटत होता. मी सांगितलं, की ताई, नाही जमत मला. त्या एवढंच म्हणाल्या, "खूर तळहातात झाक. तिला आतून लागू देऊ नको. मग वर घे."

तिसऱ्या वेळी खूर मुठीत आला. मी तो झाकून वर घेतला आणि तो पाय अचानक सरळ झाला, बंद खिडकी एकदम उघडावी तसा. पुढचं सगळं भराभर झालं. ताईंनी दोन्ही पायांना साखळी घातली, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्यांचा डावा हात, आणि कळ आली की ओढायचं, गेली की थांबायचं. डोकं आलं, खांदे आले, ताई ओरडल्या, "खाली ओढ, खाली," आणि सगळं वासरू एकदम पेंढ्यावर पडलं. ओलं, लांबलचक, काळं. आणि निपचित.

ताई गुडघ्यांवर बसल्या. त्याला पोटावर बसतं केलं, तोंडातला चिकटा बोटानं काढला, पेंढ्याची काडी नाकपुडीत फिरवली. काही नाही. त्या प्लास्टर घातलेल्या हातानंच त्याच्या फासळ्या चोळायला लागल्या. मी दुसऱ्या बाजूनं गोणपाटानं चोळत होते. किती वेळ गेला मला सांगता यायचं नाही. मी ताईंच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते तोंड मी आधी कधी बघितलं नव्हतं. त्या नागपुरीत पुटपुटत होत्या, घे ना रे, घे ना एक श्वास, काहून छळून राहिला. मग वासरू शिंकलं. एकदा शिंकलं, डोकं झटकलं, आणि छातीतून घर्र करून पहिला श्वास घेतला.

मी तिथंच पेंढ्यात बसून रडले. ताईंनी गाईची मान सोडली. ती पोरसवदा गाय गोंधळून मागे वळली, समोर पडलेल्या त्या वस्तूकडे बघत राहिली, हुंगलं, दचकून मागे सरली, पुन्हा पुढे आली. मग तिच्या गळ्यातून एक बारीक, खोल आवाज आला, आणि ती चाटायला लागली. ताई उलट्या बादलीवर बसल्या होत्या. त्यांचं प्लास्टर पार भिजलं होतं, आणि त्या हसत होत्या. पाऊण तासानं वासरू चार वेळा पडून पाचव्यांदा उभं राहिलं आणि त्यानं कास शोधून काढली. चिकाची पिशवी लागली नाही. डेल पोचला तेव्हा आम्ही दोघी पेंढ्यात बसून चहा पीत होतो. त्यानं वासराकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, टोपीला सलामासारखं बोट लावलं, आणि परत ट्रॅक्टरवर जाऊन बसला. त्या एका बोटासाठी मी कंपनीतली कुठलीही बढती नाकारीन.

माझे तीन आठवडे संपले तेव्हा मी आणखी दोन वाढवून घेतले, कारण अठरा गाई राहिल्या होत्या. शेवटची एप्रिलच्या एका दुपारी व्याली, आपली आपण, कुणाच्याही मदतीशिवाय. ताईंनी दुर्बीण खाली ठेवली. संध्याकाळी त्या मला जुन्या पिकअपमधून कुरणावर घेऊन गेल्या. बर्फ ओसरून टेकड्यांवर हिरवट झाक आली होती. ऊन कलल्यावर सगळी वासरं एकदम पिसाटल्यासारखी पळायला लागतात, कळपाला वळसा घालून, शेपट्या वर करून, दुसऱ्या टोकाला पोचली की परत. गाई त्यांच्याकडे लक्षही देत नाहीत. त्यात सहाशे आठचं कुठलं, हे मला ओळखता येईना, आणि ते आता महत्त्वाचं राहिलं नव्हतं.

ताईंनी इंजिन बंद केलं. म्हणाल्या, की भावजी गेले त्या हिवाळ्यात त्यांनी ठरवलंच होतं, हे सगळं विकायचं, शॉमबर्गला यायचं. कागदसुद्धा तयार झाले होते. मी विचारलं, मग?

"मग फेब्रुवारी लागला," ताई म्हणाल्या, "आणि एक गाय व्यायला झाली. तिला काय सांगणार होती मी?"

माझं विमान दुसऱ्या दिवशी होतं. आम्ही काचा खाली करून तिथंच बसून राहिलो. वासरं टेकडीपलीकडे गेली, त्यांच्या खुरांचा आवाज बारीक होत गेला, आणि मग पुन्हा मोठा व्हायला लागला.